गोसेखुर्दच्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन अन् फवारणी पंपवाला

नागपुरात कोणाला सांगितलं की आम्ही शनिवार-रविवार बोट घेऊन पाण्यात जातो तर समोरचा हमखास विचारतो, "गोव्याले का बे?" गोव्याला कशाला, कुहीला. कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा अन् कोलारी अशा पाच नद्या भेटतात, चैतन्येश्वराचं मंदिर आहे, २०२४ मध्ये सुरू झालेला तो केबलवाला पूल आहे ज्याच्या गॅलरीत लोक फोटोसाठी गर्दी करतात, पण त्याच लोकांना खाली हात दाखवून विचारा की हे पाणी कुठपर्यंत जातं, तर सांगता येत नाही. जातं गोसेखुर्दच्या भिंतीपर्यंत. त्या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातून झालं, भिंत अकरा किलोमीटरच्या वर लांब, दरवाजे ३३, अन् मागे जे पाणी पसरलंय त्यात कित्येक गावं, धानाची शेतं, मोहाची झाडं उभीच्या उभी गेली. माझ्या मावशीचं सासर त्यातलंच. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, बोटीतून जाताना मधेच म्हणतो "इथं आपलं खळं होतं", अन् आपण पाहावं तर सगळीकडे सारखंच पाणी.

तर यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी ठरलं की आंभोऱ्याहून निघायचं, वारा मागून असतो तर खाली खाली जायचं, रात्री काठावर दादाच्या ओळखीच्या गावात मुक्काम अन् रविवारी परत. बोट म्हणजे डोळ्यासमोर फार काही आणू नका, मासे धरायची फायबरची बोट, बसायला तीन फळ्या, मागे आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन जे दादानं रत्नागिरीकडच्या एका मच्छीमाराकडून सेकंडहॅन्ड घेऊन ट्रकवर टाकून आणलंय. आम्ही चौघं. दादा, दादाचा नववीतला पोट्टा, मी, अन् आमचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान. भाटवे नेव्हीतून रिटायर झालेत, त्यांना शीड, दोर, गाठी, वारा याचं सगळं कळतं, इंजिनाचं विचारलं की म्हणतात "आमच्याकडे इंजिन बंद पडलं की इंजिनवाल्याला बोलवायचे". हे त्यांचं वाक्य पुढे त्यांना फार महागात पडलं कारण दिवसभर पोट्ट्यानं तेच परत परत ऐकवलं.

सकाळचं काही सांगत बसत नाही, धुकं, थंडी, चक्रवाकांची जोडी, डब्यातल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची उसळ, सगळं झकास होतं. मुद्द्यावर येतो.

अशा इंजिनाच्या मागच्या बाजूला वर एक बारीक भोक असतं अन् इंजिन चालू असलं की त्यातून पाण्याची पिचकारी उडत असते. नवीन माणसाला वाटतं कुठेतरी गळतंय. ते गळणं नसतं, इंजिन खालून नदीचं पाणी ओढतं, आतून फिरवून स्वतःला थंड करतं अन् त्यातलं थोडं त्या भोकातून दाखवायला बाहेर टाकतं, म्हणजे तुम्हाला कळावं की थंड करायचं काम चालू आहे. मोटरसायकलला वारा लागतो, ट्रॅक्टरला रेडिएटर असतो, याला नदी. म्हणून बोट चालवणाऱ्यानं दर थोड्या वेळानं मागे वळून ती पिचकारी पाहायची असते. दादाला ती सवय आहे. दुपारी एका खाडीसारख्या भागातून जाताना तोच म्हणाला, "धार बारीक झाली बे." आधी करंगळीएवढी होती ती दोऱ्याएवढी झाली, मग नुसते थेंब, अन् इंजिनाचा आवाज असा जड झाला, गरम रबराचा वास आला. दादानं लगेच थ्रॉटल उतरवून लाल दोरी ओढली. ही लाल गुंडाळीची दोरी म्हणजे इंजिन बंद करायची किल्ली असते, एक टोक इंजिनात अन् दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला, माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते अन् इंजिन आपोआप बंद. बंद करायला वेळ लावला असता तर पिस्टन आत चिकटला असता अन् मग ही पोस्ट नसती, ओएलएक्सवर जाहिरात असती.

आता यात पहिलं काम काय? मी पेचकस काढला होता. भाटवे ओरडले, "आधी लंगर टाका, मग इंजिनाला हात लावा." अन् ते बरोबरच होतं, कारण आमच्यापासून थोड्याच अंतरावर बुडालेल्या झाडांचा पट्टा होता, वाळलेले काळे बुंधे पाण्याबाहेर आलेले, अन् जे बाहेर दिसतात त्याहून जास्त पाण्याखाली एक-दोन फुटांवर असतात. वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता. फायबरच्या बोटीला असा एक टोकदार खुंट पुरतो. लंगर म्हणजे आमच्याकडे दोराला बांधलेला मोठा दगड, ढिवर, म्हणजे इथले मासे धरणारे लोक, हाच वापरतात, अन् दोर पाण्याच्या खोलीपेक्षा चांगला कितीतरी पट लांब सोडायचा म्हणजे दगड तळाशी आडवा ओढला जाऊन धरतो, सरळ उभा दोर ठेवला तर लाट आली की उचलला जातो. दगडानं धरलं. बोटीचं तोंड वाऱ्याकडे फिरलं अन् सगळ्यांचा श्वास खाली बसला. धरणाच्या पाण्यात "समुद्र थोडीच आहे" म्हणून लोक बिनधास्त असतात, मला हे पटत नाही, समुद्रावर निदान आजूबाजूला दुसऱ्या बोटी असतात, इथं दुपारच्या वेळेला आख्ख्या पाण्यात आपण अन् पाणकावळे.

इंजिन वर उचललं तर खालचा भाग दिसेचना. जलपर्णी. तिच्या त्या काळ्या, केसांसारख्या मुळ्या पंख्याभोवती गच्च गुंडाळल्या होत्या अन् जिथून पाणी आत ओढलं जातं त्या जाळीवर एका गुटख्याच्या मोठ्या माळेचं प्लास्टिक चिकटलं होतं, अगदी मोजून मापून लावल्यासारखं. ही जलपर्णी फुकटची नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला अन् मग गोसेखुर्दात येतं, त्या घाणीवर ही माजते. म्हणजे मी नागपुरात मोरी धुतो अन् ते पाणी माझ्याच इंजिनाच्या जाळीवर येऊन बसतं. असो, हा विषय काढला की मी थांबत नाही.

विळ्यानं मुळ्या कापल्या, पोट्ट्यानं प्लास्टिक ओढून काढलं, पिचकारीच्या भोकात दादानं बारीक तार घालून फिरवली तर चिखलाचा एक गोळा बाहेर आला. मी म्हटलं वरून पाणी मारून थंड करू का, दादा म्हणे हात नको लावू, तापलेल्या लोखंडावर एकदम थंड पाणी टाकलं तर तडा जाईन. म्हणून थांबलो. चिवडा खाल्ला. मग प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, काढून इंजिन चालू करायची दोरी हळूच ओढून पाहिली, आत अडकत नव्हतं, पिस्टन मोकळा फिरत होता. प्लग लावला, ओढलं, चालू. पिचकारी करंगळीएवढी. सगळे खुश.

ही खुशी फार टिकली नाही. लंगर उचलून थोडं पुढे गेलो असू, इंजिन खोकलं, सावरलं, परत खोकलं अन् गेलं. या वेळी गरम वगैरे काही नव्हतं, धारही चांगली होती. परत लंगर. परत दोरी ओढणं. दादाचा खांदा भरून आला, मग मी ओढली, मग भाटव्यांनी ओढली, अन् पोट्टा मागून "बाबा, इंजिनवाल्याले बोलवा ना".

इथं माझ्या डोक्यात एक गोष्ट आली जी मी बोटीत कधी वापरली नव्हती पण शेतात दर पावसाळ्यात पाहतो. आमच्याकडे कपाशीवर, तुरीवर मारायचा पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप असतो. तोही टू-स्ट्रोक. त्यालाही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालतात, त्यालाही असंच दोरीनं ओढून चालू करतात अन् तो ऐन फवारणीत बंद पडला की शेतकरी जे करतो तेच इथंही करायचं, पेट्रोल येतं का पाहा, ठिणगी येते का पाहा, हवा अडली का पाहा. बोटीचं इंजिन हे फवारणी पंपाचं थोरलं भावंड आहे, फक्त त्याला पाणी पाजावं लागतं अन् खाली पंखा लावलाय, बाकी पोटात सगळं तेच. हे एकदा डोक्यात बसलं की मग भीती वाटत नाही.

तर पेट्रोल. टाकीपासून इंजिनापर्यंत जी नळी जाते तिच्या मधे रबरी फुगा असतो, तो दाबून दाबून पेट्रोल वर चढवायचं. हा फुगा बरंच काही सांगतो. दाबल्यावर चपटाच राहिला, परत फुगला नाही, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल येत नाही. दाबत राहिलो तरी मऊच, घट्ट होतच नाही, तर कुठेतरी नळी हवा खातेय किंवा टाकीत पेट्रोलच नाही. अन् घट्ट झाला तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय, खोट पुढे आहे. आमचा फुगा दगडासारखा घट्ट. हवेचा स्क्रू उघडा. प्लग काढला तर ओला. म्हणजे आत काहीतरी जातंय. ठिणगी पाहायला प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा अन् दोरी ओढायची. पण हे करताना आधी बोटीत सांडलेलं पेट्रोल पुसायचं, नळी बाजूला करायची, वास असला तर करायचंच नाही, मोकळ्या पाण्यात भडका उडाला तर पळायला जागा नसते. पुसून, वारा लागू देऊन पाहिलं. निळी ठिणगी, टक टक. मग राहिलं काय?

राहिलं ते म्हणजे जे आत जातंय ते पेट्रोलच आहे का.

कार्बोरेटर म्हणजे जिथं पेट्रोल अन् हवा मिसळते तो भाग, त्याच्या तळाला वाटी असते अन् वाटीला एक छोटा स्क्रू. पाण्याच्या बाटलीचा बूड कापून त्याखाली धरला अन् स्क्रू सैल केला. जे आलं ते उन्हात धरून पाहिलं, वर ऑइलमुळे हिरवट झालेलं पेट्रोल अन् खाली वेगळा, रंगच नसलेला थर, बूड हलवलं की तो थर सरकायचा पण वरच्यात मिसळायचा नाही, जिभेनं ढकलल्यासारखा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचा. पाणी. नुसतं पाणीही नाही, पाणी अन् इथेनॉल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल असतं अन् इथेनॉलला पाण्याची फार ओढ, थोडं पाणी ते पोटात घेतं, दिसत नाही, पण जास्त झालं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. गाडीत आपण पेट्रोल टाकतो अन् आठवड्यात जाळून टाकतो म्हणून फार कळत नाही. बोटीची टाकी हवेच्या स्क्रूतून श्वास घेत, अर्धी रिकामी, पावसाळाभर पडून राहते, रात्री थंड दिवसा गरम, अन् नेमकी इंजिनाची नळी टाकीच्या तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकला तर यात दुहेरी मार, कारण ऑइल पेट्रोलबरोबर वर राहतं अन् खालच्या थरात वंगण नसतं, इंजिन त्यावर चाललं असतं तर कोरडंच घासलं असतं. बरं झालं बंद पडलं. दादा पेट्रोल पंपवाल्याला शिव्या द्यायला लागला, मला नाही वाटत त्यात त्याचा काही दोष होता, टाकीतलं पेट्रोल दिवाळीच्या आधीचं होतं.

बोटीत बसून आख्खी टाकी उपसणं काही जमणारं नव्हतं. दुसरं पेट्रोल नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं अन् वल्हवत जायचं तर मुक्कामाचा काठ चांगलाच लांब. वल्ही होती, पण दोन.

इथं भाटव्यांच्या अंगात जीव आला असं म्हणायला पाहिजे, खरंच, माणूस एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. सकाळपासून बसले होते ते उठले, म्हणाले, "ताडपत्री कुठाय? अन् ते बांबू द्या इकडे." जाळं लावायचे दोन बांबू होते. त्यांचे बुडखे एकत्र बांधून पुढच्या फळीला घट्ट केले, वरची टोकं फाकवली, मधे निळी ताडपत्री ताणून बांधली, म्हणजे उलट्या त्रिकोणासारखं शीड झालं. वरच्या दोन टोकांचे दोर मागे आणले. मी ते दोर कडीला बांधायला गेलो तर हातावर चापट मारली. "बांधायचं नाही, हातात धरायचं. झोत आला की सोडता आलं पाहिजे, बांधलेलं शीड बोट उलटवते." इंजिन पूर्ण वर उचलून ठेवलं म्हणजे पाण्यात ओढ नको अन् मुळ्याही नको. दादाला मागे वल्हं धरून बसवलं, सुकाणू म्हणून. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, दुपारी गरम होतं म्हणून पोट्ट्यानं काढलं होतं त्याला तर चांगलंच झापलं. लंगर उचलला. काही क्षण ताडपत्री नुसतीच फडफडली, मग पोटात वारा भरला, फट्ट असा आवाज, अन् बोट निघाली.

वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढा. पण आवाज नाही, धूर नाही, नुसतं बोटीखालून पाणी जाण्याचा चुळचुळ आवाज. अशा ताडपत्रीनं वाऱ्याच्या उलट जाता येत नाही, आडवं फार थोडं जमतं, वारा नेईल तिकडेच साधारण जायचं, फक्त जरा डावं-उजवं. भाटवे सांगत होते की खऱ्या शिडाच्या बोटीला खाली पाण्यात उभी फळी असते, ती बोटीला बाजूला घसरू देत नाही म्हणून ती तिरकी तिरकी करत वाऱ्याच्या तोंडाकडेही चढते. आमच्या बोटीचं बूड सपाट. नशीब की मुक्काम वाऱ्याच्याच दिशेला होता. तरी शेवटी एका ठिकाणी झाडांच्या पट्ट्याकडे घसरायला लागलो तेव्हा शीड सोडून दोन्ही वल्ही मारावी लागली, मी अन् पोट्टा, अन् तळहाताची साल निघाली.

काठाजवळ एक ढिवर काका डोंग्यात उभे राहून जाळं टाकत होते. आमची निळी ताडपत्री पाहून त्यांचं जाळं हातातच राहिलं. जवळ गेल्यावर म्हणाले, "काय जी, लगन लागून रायलं का पान्यात? मांडव घेऊन कुठं चालले?" दादानं सांगितलं मशीन बंद पडली. काका डोंगा लावून आले, इंजिनाकडे पाहिलं, बिडी काढली, आम्ही सगळे एकदम ओरडलो, त्यांनी शांतपणे ती परत कानावर ठेवली. "पेट्रोलात पानी गेलं असन. गावात पंपवाला पोरगा हाये, त्याच्या जवर न्या. लय हुशार हाये. पन आज बाजार हाये, संध्याकाळीच भेटन." त्यांनीच दोर घेऊन आम्हाला काठाच्या उथळ पाण्यातून बरोबर वाटेनं ओढत नेलं, कारण त्यांना माहीत होतं कुठं जुन्या विहिरीचं तोंड आहे अन् कुठं बोराचं खुंट. जुन्या गावची विहीर पाण्याखाली, अन् काकाच्या डोक्यात तिची जागा अजून तशीच. मी पैसे देऊ केले तर म्हणे, "राहू द्या जी, आमची मशीन बंद पडन तवा तुमी ओढा." त्यांच्याकडे मशीनच नाही.

पंपवाला म्हणजे फवारणी पंप दुरुस्त करणारा पंचविशीतला मुलगा, कृषी केंद्राच्या शेजारी छोटं दुकान, बाहेर फवारणी पंपांची रांग, आत भिंतीवर खिळ्याला टांगलेले प्लग, दोऱ्या, गास्केट. आम्ही मोटरसायकलवर इंजिन मधे धरून नेलं, पंचवीस-सव्वीस किलोचं धूड. त्यानं असलं इंजिन याआधी हाताळलं नव्हतं. फिरवून फिरवून पाहिलं, झाकण काढलं अन् हसला, "हा तर आपलाच हाय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, दुपारी पाण्यात मी जे स्वतःला समजावत होतो तेच हा एका नजरेत बोलला.

कार्बोरेटर काढून त्यानं वाटी उघडली. जेट म्हणजे पितळेचा बारीक स्क्रू, मधे सुईच्या टोकाएवढं भोक. ते साफ करायला मी खिशातली टाचणी पुढे केली, त्यानं घेतली नाही. वायरचा तुकडा सोलला, आतल्या तांब्याच्या केसांतला एक केस उपटला अन् तो जेटमधून ओढला. "लोखंडानं भोक मोठं होते दादा, मंग पेट्रोल जास्त पेते अन् काळा धूर मारते. तांबं मऊ असते." जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं, मला पाहायला दिलं, आत एक गोल टिकली चमकत होती. टाकी आख्खी रिकामी करून वाळवायला पालथी ठेवली. वरवरचं चांगलं पेट्रोल वापरता येईल का म्हणून दादानं विचारलं, तर म्हणे नको, त्यातला इथेनॉल खाली निघून गेला, ते आता कमजोर झालं, ठोके मारन.

मग त्यानं एक प्रयोग दाखवला. नवीन पेट्रोल त्यानं किराणा दुकानातून बाटलीत आणलं होतं, गावात मिळतं तसं. जनावराच्या इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजनं रेघा असलेल्या बाटलीत शंभर मिली पेट्रोल घेतलं, त्यात दहा मिली पाणी टाकलं, बूच लावून हलवलं अन् ठेवून दिलं. थोड्या वेळानं खाली थर जमला, पण दहाचा नाही, तीसच्या आसपास. "पानी मी दहाच टाकलं ना? मंग हे वरचे वीस कुठून आले?" इथेनॉल. पेट्रोलमधून निघून पाण्याला जाऊन मिळालं. शाळेत मला रसायनशास्त्र कधी इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. पोट्ट्यानं व्हिडिओ काढला.

ऑइलचं माप त्यानं विचारलं, दादानं सांगितलं पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिली. तेही सिरिंजनं. कृषी केंद्रात टू-स्ट्रोक ऑइलचे पाऊच होतेच, फवारणीवाल्यांसाठी ठेवतात. इथं मात्र मी अडलो अन् म्हटलं बोटीचं ऑइल वेगळं असतं, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं. तो म्हणाला, घरी पोचायला हे चालन, रोज घालू नका. मला हे उत्तर आवडलं. "काही नाही होत" म्हणणारा मेकॅनिक मी कधी परत गाठत नाही.

सगळं झाल्यावर त्याचं लक्ष पंख्याकडे गेलं. आम्ही मुळ्या कापल्या होत्या, आत पाहिलं नव्हतं. म्हणाला उघडून पाहू. भाटव्यांनी खाली दुपट्टा धरला, दोन्हीकडून झोळी करून, कारण पंख्याच्या नटाला जी वाकवलेली पिन असते ती एकदा का मातीत पडली की गेली. पिन सरळ केली, नट काढला, पंखा ओढला, अन् मागे दांड्यावर तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, वेटोळं. कोणाच्या तरी फाटक्या जाळ्याचं, इतकं घट्ट बसलं होतं की वितळून एक कडं झालं होतं, ब्लेडनं कापून काढावं लागलं. हे तंगूस असं आत सरकत जाऊन तेलाच्या सीलला कापतं. त्यानं खालच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घेतले. तेल चहासारखं दुधाळ. म्हणजे सील गेलंय, पाणी आत जातंय. "आज उद्या चालन. पण सील बदला लवकर, नायतर गिअर जाईन."

रात्री काठावरच्या घरी भात अन् झिंग्यांचा रस्सा, अन् भाटव्यांच्या तोंडून ताडपत्रीची कथा, जी जेवण संपेपर्यंत वादळातून बोट काढल्याच्या कथेएवढी झाली होती. झोप मस्त लागली. पंपवाल्यानं सगळ्या कामाचे जे पैसे सांगितले ते ऐकून दादालाच लाज वाटली, त्यानं जबरदस्तीनं जास्त दिले.

रविवारी परत येताना इंजिन अर्ध्या थ्रॉटलवरच ठेवलं, वारा तोंडावर होता त्यामुळे शिडाचा विषयच नव्हता. जलपर्णी दिसली की इंजिन न्यूट्रल करून वल्ह्यानं बाजूला सारायची, पट्टा मोठा असेल तर वळसा घालायचा. पोट्ट्याला मागे बसवून एकच काम दिलं, पिचकारीवर लक्ष. तो दर मिनिटाला ओरडून सांगत होता "चालू हाय!", शेवटी शेवटी सांगायला लागलं की बाबा, बंद झाली तरच सांग.

सील रत्नागिरीहून मागवलंय, कुरिअर यायचं आहे. टाकी आता घरी आणून रिकामी ठेवतो अन् निघायच्या दिवशीच भरतो, टाकी अन् इंजिनाच्या मधे पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर बसवायचं ठरलंय, त्यात तळाला पाणी जमलं की डोळ्याला दिसतं. जादा प्लग, दोन पिना, प्लग पाना, पक्कड अन् सिरिंज एका डब्यात भरून बोटीतच ठेवलंय. भाटव्यांनी मात्र तेवढ्यावर ऐकलेलं नाही. ते दोनदा फोन करून विचारून झालेत की दादाच्या वाडीतला सरळसोट बांबू कोणी तोडला तर नाही ना, अन् बोटीच्या बाजूला ती उभी फळी लावायची तर फायबरला भोक पाडायला दादा तयार आहे का. दादा तयार नाही. बोलणी चालू आहेत.